पूर्वीकर

पूर्वीकर तुमच्याही ओळखीचे आहेत. आडनाव निराळं असेल, टक्कल थोडं कमीजास्त असेल, पण माणूस तोच. लग्नाच्या पंगतीत तुमच्या शेजारी बसून मठ्ठ्याचा पहिला घोट घेतो आणि म्हणतो, "मठ्ठा बरा आहे, पण पूर्वी याच कार्यालयात..." तोच तो. भर पावसात धबधब्याखाली उभा राहून "पूर्वी पाणी जास्त गार होतं" म्हणणाराही तोच. हापूसची पहिली फोड तोंडात टाकून डोळे मिटतो. आता तरी 'वा' म्हणेल असं आपल्याला वाटतं, तेवढ्यात डोळे उघडून "पूर्वीची चव नाही" असं जाहीर करतो आणि उरलेल्या अकरा फोडी संपवतो.

आमचे पूर्वीकर आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात. खरं आडनाव सांगत नाही, कारण आम्ही गावाला गेलो की आमच्या कुंड्यांना पाणी तेच घालतात. चार दिवसांनी परत आलो की किल्ली देताना म्हणतात, "तुळस पूर्वी जास्त डवरलेली होती." पूर्वी म्हणजे सोमवारी.

बाकीचे पूर्वीकर नुसत्या आठवणीवर बोलतात, म्हणून त्यांच्याशी वाद तरी घालता येतो. आमचे पुराव्यानिशी बोलतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असते. साल १९९९, कुठल्याशा बँकेनं नववर्षाची भेट म्हणून दिलेली, निळं रेक्झिनचं कव्हर, आणि पानं सुटू नयेत म्हणून भोवती दुधाच्या पिशवीचा रबर बँड. लग्नानंतर ते ज्या पहिल्या प्रवासाला गेले, त्या प्रवासाचा पै न् पैचा हिशेब त्या डायरीत आहे. तो प्रवास अंदमानचा. बाकीची डायरी जवळजवळ कोरी आहे, कारण त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत लिहून ठेवण्यासारखं स्वस्त काही घडलं नाही, असं ते म्हणतात.

१९९९च्या नोव्हेंबरात त्यांचं लग्न झालं आणि डिसेंबरात ते निघाले. थोडं थांबून उन्हाळ्यात जा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जगातले सगळे संगणक बंद पडणार, अशी तेव्हा आवई होती. पूर्वीकरांनी हिशेब केला की संगणक बंद पडले तर रजेचा अर्जही अडकेल. जगबुडीच्या आत हनिमून उरकून घेतलेलं हे माझ्या माहितीतलं एकमेव जोडपं.

२०२४च्या डिसेंबरात, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बंगळूरच्या लेकीनं दोघांना पुन्हा अंदमानची तिकिटं काढून दिली. एका संध्याकाळी पूर्वीकर आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्हीही चला. चौघं असलो की टॅक्सी परवडते." लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सहलीला शेजाऱ्यांना बरोबर नेण्याचं इतकं निर्मळ कारण मी दुसरं ऐकलेलं नाही. आमची ही लगेच 'हो' म्हणाली. तिचं आणि वहिनींचं गूळपीठ जुनं आहे. माझं मत कुणी विचारलं नाही.

चेन्नईला विमान बदललं आणि दोन तासांत उतरलो. विमानतळाची नवी इमारत शिंपल्याच्या आकाराची, २०२३ साली उघडलेली, चकचकीत. पूर्वीकर मान वर करून बघत राहिले. मला वाटलं छताचं कौतुक चाललंय. तेवढ्यात मागून आवाज आला, 'टक्.'

हा रबर बँड डायरीवरून निघण्याचा आवाज. पुढचे सहा दिवस या आवाजानं माझ्या पोटात गोळा येत असे.

"पूर्वी असं नव्हतं," पूर्वीकर म्हणाले.

"पण तुम्ही तर जहाजानं आला होतात ना? विमानतळ बघितलात कधी?"

"तेच म्हणतोय. पूर्वी बघावा लागायचा नाही. मद्रासहून तीन दिवस जहाज. बंकचं भाडं, हे बघा, लिहिलंय. तीन दिवसांचं लिंबू-मीठ, तेही लिहिलंय."

"लिंबू माझ्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "मी तीन दिवस आडवीच होते. अंदमान उजवीकडे आलं की डावीकडे, तेही मला ठाऊक नाही."

खरी पंचाईत पुढे झाली. ज्या गावात उतरलो त्याचं नावच जाग्यावर नव्हतं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४मध्ये श्री विजयपुरम झालेलं. हॅवलॉक २०१८च्या अखेरीस स्वराज द्वीप झालं, नील शहीद द्वीप, आणि रॉस आयलंड नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. आमचा टॅक्सीवाला जुनी-नवी नावं एकाच वाक्यात वापरायचा: "कल सुबह विजयपुरम से निकलेंगे, हॅवलॉक जाएंगे, शाम को स्वराज द्वीप में ही रुकेंगे." हॅवलॉकहून स्वराज द्वीप किती लांब आहे, असं आमच्या हिनं दोनदा विचारलं.

पूर्वीकर डायरीतली नावं धरून बसले होते. पण टॅक्सीवाल्यानं सहज सांगितलं की नाव बदलताना सरकारनं हजार वर्षांपूर्वी इथं असलेल्या चोळांच्या आरमारी तळाची आठवण काढली होती. ब्लेअर हा अठराव्या शतकात बेटांची पाहणी करायला आलेला कंपनीचा आरमारी अधिकारी, म्हणजे त्या मानानं कालचा पोरगा. आपल्या पूर्वीपेक्षा जुनी पूर्वी निघालेली पाहून पूर्वीकर हॉटेल येईपर्यंत गप्प बसले. सहलीतली ती पहिली शांत वीस मिनिटं.

हॉटेलात मात्र भरपाई झाली. टक्. "लॉज, दोन माणसं, १८० रुपये. त्यात गरम पाण्याची बादली." समोर शहाळेवाला दिसला. टक्. "शहाळं, ५ रुपये. त्यात मलई." मी म्हटलं, अहो, मलई आताही आहे. ते म्हणाले, "आहे, पण आता ती पैसे घेऊन देतात." मासळी मागवली. टक्. शहाळ्याच्या दुकानापासून ताटापर्यंत बाईंडिंग इतकं सैल झालं की वेटरनं स्वतःहून नवा रबर बँड आणून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत, हे पूर्वीकरांनी त्याच रात्री डायरीत नोंदवलं.

तिथं डिसेंबरात पाच वाजून गेले की सूर्य मावळतो. आम्ही चहा पिऊन किनाऱ्यावर जाईपर्यंत अंधार. पूर्वीकरांनी आकाशाकडे संशयानं पाहिलं. "पूर्वी इतक्या लवकर मावळत नव्हता."

आता हे फार झालं. मी म्हटलं, "डायरी काढा."

टक्. पान उलटलं. बोट फिरलं. 'सूर्यास्त ५.१०. खर्च नाही.'

मी शाळामास्तराच्या आवेशात समजावून सांगितलं. सगळ्या भारताचं घड्याळ एकच, ते चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर, आणि अंदमान त्याच्या दहा अंश पूर्वेला. म्हणून घड्याळात पाहिलं तर इथला सूर्य आपल्याकडच्या पूर्वी उगवतो आणि पूर्वी मावळतो.

"म्हणजे हे मूळचे इथलेच," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी तिथं, समुद्र नंतर. आमच्या पुढे सांगलीचा एक गट होता, मागे नाशिकचा. १८९६ साली बांधायला घेतलेला आणि १९०६ साली पुरा झालेला हा तुरुंग. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती सायकलच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या होत्या. त्यातल्या आता तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरासुद्धा दिसू नये. आमचा गाइड तिशीतला होता. तिथं ज्यांना 'लोकल बॉर्न' म्हणतात त्यांपैकी. त्याचे खापरपणजोबा काळ्या पाण्यावर आले होते, शिक्षा संपल्यावर इथंच राहिले. तो हे सगळं न रडता, न गरजता सांगत होता, त्यामुळे जास्त लागत होतं.

आणि तिकिटाच्या खिडकीपाशी, मला नको असलेला आवाज आला. टक्.

"पूर्वी तिकीट फार स्वस्त होतं," पूर्वीकर गाइडला हिंदीत म्हणाले.

गाइडनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "अंकल, उससे भी पहले एंट्री एकदम फ्री थी. सिर्फ निकलने में दिक्कत थी."

सांगलीचा गट हसला, नाशिकचा हसला, वहिनी पदराआड हसल्या. पूर्वीकरांनी डायरी मिटली. एखाद्या पूर्वीकराला खरी पूर्वी भेटली की असं होतं.

आत गेलो. कोलूपाशी गाइडनं सांगितलं की कैद्याला बैलाच्या जागी जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घेत. मग तिसऱ्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली कोठडी. सावरकर १९११ साली इथं आले, १९२१पर्यंत होते. थोरले भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात होते आणि कित्येक महिने एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. रांग पुढं सरकत होती. लोक चपला काढून आत जात होते, भिंतीला हात लावत होते. गाइड म्हणाला, "घर को साल में एक चिट्ठी. बस."

मी सवयीनं कान टवकारले. टक् झालंच नाही. वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. पूर्वीकर रबर बँडशी चाळा करत उभे होते, ताणत होते आणि हळूच सोडत होते, आवाज होणार नाही इतक्या हळू. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. तेवढाच कानांना आराम, एवढंच वाटलं.

संध्याकाळी जेलच्या उताराखाली असलेल्या अबर्डीन बाजारात गेलो. शिंपल्यांच्या माळा, मसाल्याची पाकिटं, घंटाघर. अर्ध्या तासात बघून संपतो. पण पूर्वीकर प्रत्येक दुकानाच्या पाटीवर डोळे लावून चालत होते. एका गल्लीत गेले, परत आले. दुसऱ्या गल्लीत गेले. काय शोधताय विचारलं तर म्हणाले, "काही नाही. इथं एक दुकान होतं." कसलं, ते सांगेनात. माझा अंदाज असा की तेव्हा पाच रुपयांत मिळालेली कुठलीतरी वस्तू आता किती रुपयांना आहे, हे बघून त्यांना दुःखी व्हायचं असणार. या माणसाला महागाई बघितल्याशिवाय झोप येत नाही.

हॅवलॉकला जाताना वेगवान बोटीत एसी होता, टीव्ही होता, खिडक्या बंद होत्या. पूर्वीकरांनी संपूर्ण प्रवासभर मागच्या सरकारी बोटीचं गुणगान केलं. ती अर्धा दिवस घ्यायची, म्हणजे त्याच पैशांत समुद्र जास्त मिळायचा. राधानगर किनाऱ्यावर उतरलो. मागे उंचच उंच झाडांची भिंत, पुढे पिठासारखी पांढरी वाळू, आणि पाणी असं की निळा रंग नक्की कुठं संपतो आणि हिरवा कुठं लागतो, ते सांगता येऊ नये. २००४ साली 'टाइम' मासिकानं या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं होतं. हे मी वाचून आलो होतो, म्हणून सांगून टाकलं.

"मग पूर्वी आम्ही आलो तेव्हा तो सर्वोत्तम नव्हता का?" पूर्वीकर म्हणाले. "होताच. फक्त कुणी सांगितलं नव्हतं. इथं आम्ही दोघं, तीन कुत्री आणि एक खेकडा. आता बघा." आम्ही बघितलं. एक नवरा बायकोला समुद्राकडे पाठ करून हात पसरायला लावत होता. बायको म्हणत होती की हात दुखले, नवरा म्हणत होता की लाट नीट येऊ दे.

"फोटो किती काढलेत तेव्हा?" आमच्या हिनं विचारलं.

"छत्तीसचा रोल. अडतीस निघाले." हे वाक्य त्यांनी ज्या अभिमानानं उच्चारलं त्या अभिमानानं लोक मुलाचा दहावीचा निकाल सांगतात. आता त्यांच्या फोनमध्ये हजारभर फोटो मावतात, पण त्यात ते दोन जास्तीचे नाहीत.

त्या रात्री हॉटेलच्या व्हरांड्यात डायरी प्रथमच आमच्या हिच्या हाती लागली. पूर्वीकर अंघोळीला गेले होते. खणखणीत अक्षर, कोपऱ्यात एकूण, तळाशी शिल्लक. रिक्षा ८. चहा दोन ४. लिंबं २. टपाल तिकिटं १२. पाव डझन केळी ३. अगदी एका भिकाऱ्याला दिलेले आठ आणेही, कंसात 'आग्रहामुळे' असं लिहून. आणि जेलच्या दिवशी, सगळ्यात शेवटी: 'किरकोळ: २१२.'

"दोनशे बारा किरकोळ?" ही ओरडलीच. "जो माणूस आठ आणे लिहितो, त्याचं किरकोळ दोनशे बारा? लॉजच्या भाड्याहून जास्त!"

वहिनी काही बोलल्या नाहीत. पूर्वीकर टॉवेल खांद्यावर टाकून आले, डायरी पाहिली, आणि मी त्यांना पहिल्यांदाच लाजताना पाहिलं. टक् करून रबर बँड लावला. लावतानाही आवाज होतो हे मला तेव्हा कळलं.

पुढचे दोन दिवस आमचा एकच उद्योग. दारू? पूर्वीकर पीत नाहीत, पीत असते तर बाटलीची किंमत लिहिली असती. जुगार? मग हरलेले वेगळे आणि जिंकलेले वेगळे लिहिले असते. मी शंका काढली की पाकीट मारलं गेलं असेल आणि शरमेनं किरकोळमध्ये घातलं असेल. ही म्हणाली, "पाकीट मारणाऱ्याचं वर्णन लिहून ठेवलं असतं. उंची, बांधा, साधारण पगार."

परत आल्यावर वंडूरला निघालो. तिथून जॉली बॉय बेटाला बोट जाते. बरोबर प्लास्टिक नेऊ देत नाहीत. वाटेत सिप्पीघाटपाशी रस्त्याच्या कडेला दूरवर पाणी पसरलं होतं, मधूनच मेलेल्या झाडांचे खुंट वर आलेले, त्यावर बगळे. आमची ही म्हणाली, "काय छान तळं आहे."

टक्.

"तळं नाही हे. पूर्वी इथं भातशेती होती."

आता मात्र मी हसलो. ही हसली. समुद्र कमी मिळाला, सूर्य लवकर मावळला, आणि आता भाताचं तळं झालं. मी म्हटलं, "अहो, कशाला उगीच..." तेवढ्यात टॅक्सीवाल्यानं आरशातून बघत म्हटलं, "सही बोल रहे हैं अंकल. यहाँ सब खेत था. सुनामी में जमीन बैठ गई, पानी आया, वापस नहीं गया."

२६ डिसेंबर २००४. भूकंपानं दक्षिण अंदमानची जमीन खचली. ग्रेट निकोबारच्या टोकाला, इंदिरा पॉइंटला, ती सव्वाचार मीटर खाली गेली आणि कोरड्यावर उभं असलेलं दीपगृह पाण्यात आलं. टॅक्सीवाला तेव्हा शाळेत होता. त्याच्या मामांचं शेत, कुठल्या खुंटापर्यंत होतं, ते त्यानं गाडी न थांबवता बोटानं दाखवलं.

पूर्वीकरांनी डायरीतून एक फोटो काढला. पिवळा पडलेला, अडतिसांपैकी एक. हिरव्यागार शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या वहिनी, तीन दिवस आडव्या राहून आल्यासारख्या दिसणाऱ्या. फोटोतलं शेत आणि खिडकीतलं पाणी मी आळीपाळीनं बघितलं. पूर्वीकर 'बघा, सांगत होतो' असं म्हणतील म्हणून वाट पाहिली. म्हणाले नाहीत. पुढे काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघतानाही, जागोजागी करडा पडलेला तो प्रवाळ पाहून त्यांनी नुसतं 'हं' केलं. समुद्र तापला की प्रवाळ पांढरा पडतो आणि मग मरतो, असं बोटवाला सांगत होता. २०१०च्या उन्हाळ्यात फार मोठा पट्टा गेला म्हणाला. मला, खोटं कशाला सांगू, थोडी चुटपुट लागली. त्यांची सगळीच पूर्वी भावातली नव्हती.

पण माझी सहानुभूती अबर्डीन बाजारापर्यंतच टिकली. शेवटच्या संध्याकाळी तिसऱ्यांदा तिथं. आमचे पाय दुखत होते, आमच्या हिनं घ्यायचे ते सगळे शिंपले घेऊन झाले होते, आणि हा गृहस्थ घंटाघरापासून पावलं मोजत चालला होता. खरोखर मोजत. एका गल्लीच्या तोंडाशी थांबला. समोर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. छतापासून जमिनीपर्यंत कव्हरं लटकलेली. काउंटरवर विशीतला पोरगा.

"इधर पहले..." पूर्वीकर म्हणाले.

"पहले क्या, अंकल?"

गेल्या दहा वर्षांत मी त्यांचं हे वाक्य अर्ध्यावर राहिलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, अटॅकच आला.

"कुछ नहीं. एक कव्हर दे दो."

पोरानं एक काढून दिलं, अडीचशे म्हणाला. पूर्वीकरांनी अडीचशे दिले. घासाघीस नाही, 'पूर्वी' नाही, 'टक्' नाही. रस्त्यावर आल्यावर मी ते कव्हर हातात घेऊन पाहिलं. ते त्यांच्या फोनचं नव्हतंच.

रात्री समुद्राकाठच्या बागेत दोघी बाकावर बसल्या, आम्ही मागे भेळ शोधत होतो. पूर्वीकर भाव विचारत पुढं गेले आणि मी परतलो तेव्हा वहिनी सांगत होत्या.

"तेव्हा लग्नाला तीन आठवडे झाले होते. तीन दिवस त्या जहाजात. जेल बघायला गेलो आणि गाइड म्हणाला, वर्षाला घरी एक पत्र. मला काय झालं कोण जाणे, तिथंच रडायला लागले. लोकांना वाटलं सावरकरांसाठी रडतेय. मला आई आठवत होती. यांना काही सुचेना. हाताला धरून खाली बाजारात आणलं. तिथं एसटीडी बूथ होता.

"आमच्या घरी वाईला फोन कुठला. वाड्यात खाली एकांकडे होता, पी.पी. नंबर. त्या काकू म्हणाल्या, तुझी आई घाटावर गणपतीला गेलीय, थांब, पोराला पाठवते. आणि रिसीव्हर तसाच ठेवला. बूथमध्ये ते मीटर, लाल आकडे, धडधड पुढं जाताहेत. भरदुपार, पूर्ण दर. मी म्हटलं, ठेवते, रात्री अकरानंतर करू, पाव दर असतो. तर हे काचेचं दार उघडून आत आले, म्हणाले, 'रात्री आईंना कशाला उठवायचं,' आणि मीटरवर असा तळहात ठेवून उभे राहिले. मला आकडे दिसू नयेत म्हणून.

"आई धावत आली. दमली होती. म्हणाली, 'बरी आहेस ना? मग फार बोलू नकोस, बिल चढतं.' आणि ठेवला. सगळा वेळ आई येईपर्यंतच गेला. आम्ही बोललो अर्धं मिनिट.

"परत गेल्यावर डायरी मामंजी तपासणार होते. सुनेच्या माहेरी दोनशे बारा रुपयांचा फोन, असं लिहिणार कसं? म्हणून किरकोळ. मामंजींनी विचारलं, किरकोळ म्हणजे काय? तर म्हणाले, अण्णा, आठवत नाही. यांना! आठवत नाही!"

वहिनी हसल्या आणि पदरानं चष्मा पुसला. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली, एवढंच वर म्हणाल्या. मग पूर्वीकर भेळेचे चार द्रोण सांभाळत आले आणि लांबूनच ओरडले, "ऐंशी रुपये! एका भेळेचे! पूर्वी इथं..." आणि वहिनींनी शेजारची जागा पदरानं झाडून दिली.

माणूस वैतागवाणा आहे, हे माझं मत मी मागे घेत नाही. परतीच्या विमानात त्यांनी तासभर सीटांमधल्या अंतराबद्दल सांगितलं. मग झोपले. डायरी समोरच्या ट्रेवर उघडी राहिली होती. १९९९च्या कोऱ्या पानांवर २०२४ लिहिलेलं. मी वाचू नये असं होतं, पण वाचलं. टॅक्सी, शहाळं, भेळ चार, तिन्हींपुढे उद्गारचिन्ह. आणि शेवटी, उद्गारचिन्ह न देता: 'किरकोळ: २५०.' पान उडू नये म्हणून मी रबर बँड लावून ठेवला. हळू लावला.

आमची ही बघत होती. जरा वेळानं म्हणाली, "आपलं लग्न झालं तेव्हा तुमच्याकडे मोबाइल होता."

"होता की," मी म्हटलं. "पूर्वी इनकमिंगलासुद्धा पैसे पडायचे, आठवतं?"

"आठवतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्ही माझ्या आईला मिस्ड कॉल द्यायला शिकवलंत."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. खाली नुसते ढग होते.